बासष्ट

पहिले तीन दिवस फक्त चहा आठवतो.
दोन्ही कानशिलांत कुणी खिळा ठोकतंय,
दुपारी दोनला सुरू, चारला भरात.
डॉक्टर सुरैया म्हणतात, हे उपासाचं नाही, चहाचं दुखणं,
शाबानपासूनच एकेक कप कमी करत या.
दरवर्षी म्हणतात.
दरवर्षी मी हो म्हणतो.

चौथ्या दिवसापासून शरीर ऐकायला लागतं.
कमरेचा पट्टा एक भोक आत येतो,
करपट ढेकर कुठल्या कुठे जाते.
तोंडाला मात्र वास सुटतो, बंद पेटीसारखा,
लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची,
आणि रात्री पोटऱ्यांत असे गोळे येतात
की वरच्या बंकवरचा तय्यब खाली उतरून
माझा अंगठा ओढून धरतो, अर्धवट झोपेत, शिव्या देत.

हिद्दच्या बंदरात जून म्हणजे
लोखंडाला हात लावण्याआधी विचार करायचा महिना.
पंधरा तासांचा रोजा.
मी चाळीस मीटर वर, क्रेनच्या काचेच्या खोलीत.
एसी आहे. खालचे म्हणतात, तुझं बरंय हमदुले.
बरंच आहे.

साखर आठ वर्षांची.
डॉक्टरांनी गोळ्यांचं वेळापत्रक उलटं केलं,
सकाळची मोठी गोळी इफ्तारनंतर, रात्रीची अर्धी सहेरीला.
सहेरीला भात नको, भाकरी चालेल
(नाचणीचं पीठ बाणकोटहून येतं, कुणाच्या तरी बॅगेत, कपड्यांत गुंडाळून).
आणि कागदावर लाल पेनाने:
सत्तरच्या खाली गेली की रोजा सोडायचा.
घड्याळ बघायचं नाही.
बोट टोचल्यानं रोजा मोडत नाही,
हे मी मौलवींनाही विचारून घेतलंय. दोनदा.

एकोणिसावा रोजा. पावणेपाच.
बत्तीस टनांचा डबा दोरावर.
खाली पिवळ्या हेल्मेटचा नेपाळी पोरगा, नवा, सारखा वर बघणारा.
आधी मानेवर घाम आला, गार. एसीतला घाम.
मग ओठ बधिर.
मग दांड्यावरचं बोट माझंच, पण सांगितलेलं ऐकेना.
खाली दोन पिवळी हेल्मेटं दिसली.
पोरगा एकच होता.

डबा कसा उतरवला, नीट आठवत नाही.
उतरला, एवढं माहीत आहे,
कारण खाली कुणी ओरडलं नाही.

यंत्राने आकडा दाखवला: बासष्ट.
अजानीला पावणेदोन तास.
खिशात रुमालात संध्याकाळसाठी बांधलेले तीन खजूर.
पहिला चावला तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं,
काचेची खोली, चारी बाजूंनी समुद्र, आणि मी चावतोय.
दुसरा पटकन खाल्ला.
तिसऱ्याची बी जिभेवर फिरवत बसलो,
पंधरा मिनिटं, यंत्रात पुन्हा बघेपर्यंत.
चौऱ्याण्णव.
बोटं परत आली, एकेक करून.
वॉकीटॉकीवर फोरमन विचारत होता, का थांबलाय?
मी म्हटलं, वारा आहे.

संध्याकाळी कॅम्पच्या चटईवर सगळ्यांबरोबर बसलो.
तोफ झाली, हात पुढे गेले, माझाही.
कुणी विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.
फक्त तय्यबने माझ्यापुढचं सरबत उचललं
आणि साध्या पाण्याचा पेला ठेवला.

रात्री फोन. तिकडे साडेअकरा,
तरावीह आटोपून तसनीम ओट्यावर बसलेली.
कसा गेला रोजा?
मी म्हटलं, बासष्ट.
ती जरा वेळ बोलली नाही.
मग भांडं आपटल्याचा आवाज आला, मग तिचा:
एक राहिला म्हणजे. डिसेंबरात धर, दिवस छोटे असतात.
माझेही सहा राहतात दरसाल, बाईमाणसाचे,
कोण मोजतं?
मी एकटीच धरते, एकटीच सोडते.
या वेळी बरोबर धरू.
म्हटलं, रजा मिळाली तर.
ती म्हणाली, आता जेव आधी.
आणि भात नको.